गोवराचा माग काढायचा असेल तर दोन बाजार मागं जा

पाड्यावर एखाद्या पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "परवापर्यंत तर चांगला खेळत होता हो." आणि आपण पण लगेच परवाचंच विचारायला लागतो, परवा कुठं गेला होता, परवा काय खाल्लं, आणि तिथंच माग चुकतो. गोवर परवाचा नसतोच. विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायलाच साधारण १० दिवस जातात आणि पुरळ उठायला साधारण १४ दिवस. म्हणजे आज जे पुरळ तुम्ही बघताय ते दोन आठवड्यांपूर्वी कुठंतरी घेतलेल्या श्वासाचं आहे. आपल्या खान्देशात दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे बाजार. म्हणून आमच्याकडं नवीन कोणी आलं, आशाताई असो, सिस्टर असो, नाहीतर धुळ्या-जळगावहून प्रोजेक्ट करायला आलेला पोरगा असो, मी पहिलं हेच सांगतो की दोन बाजार मागं जा आणि तिथून शोधायला सुरुवात करा.

मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला आरोग्य सेवक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, वरचे पाडे चाललो आहे, आणि गोवराच्या साथीचा माग कसा काढतात हे मोठ्या साहेबांच्या मागं फिरून फिरून शिकलो. जे शिकलो ते साध्या भाषेत लिहितोय, कारण यातलं बरंचसं काम गावातलाच माणूस करू शकतो, आणि बाहेरून आलेल्या टीमपेक्षा चांगलं करू शकतो.

आधी हे गोवर आहे का ते बघायचं. ताप आणि अंगावर सपाट किंवा किंचित उंच लालसर पुरळ, एवढं दिसलं की संशयित म्हणून धरायचं आणि पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) कळवायचं, आपण डॉक्टर होऊन ठरवत बसायचं नाही. पण खुणा माहीत पाहिजेत. आधी तीन-चार दिवस चढता ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल आणि पाणावलेले, आणि मग पुरळ कानामागं आणि कपाळावर केसांच्या कडेला सुरू होतं, तोंडावर येतं, तिथून छाती-पोटावर आणि मग पायाकडं उतरतं. कांजिण्यांत पाण्याचे फोड असतात, गोवरात पाणी नसतं. पुस्तकातले फोटो गोऱ्या पोरांचे असतात, आपल्या पोरांच्या अंगावर लाली दिसतच नाही कधीकधी, तेव्हा हात फिरवून बघा, कातडी खरखरीत लागते, आणि उन्हाच्या उजेडात बघा, झोपडीतल्या अंधारात नाही. पुरळ जाऊन आठवडा झाला असेल तर काळपट डाग आणि कोंड्यासारखी सुटणारी साल बघा, त्यावरून मागचे पेशंट सापडतात.

आणि शब्द जपून वापरा. "तुमच्याकडं गोवर झालाय का कोणाला" असं विचारलं की दहापैकी नऊ घरं नाही म्हणतील, खोटं बोलत नाहीत ते, त्यांच्याकडं त्याला माता आली म्हणतात. मग "माता आली होती का" विचारा, दाराला कडुलिंबाचा पाला बांधलाय का बघा. ज्या घरात माता आली असते तिथं बाहेरच्याला येऊ देत नाहीत, पोराला बाहेर काढत नाहीत, याचा राग धरू नका. पोराला घरात ठेवायची ही पद्धत आपल्या कामाचीच आहे, फक्त दोन गोष्टी समजावून सांगायच्या, की पोराचं खाणं-पिणं आणि अंगावरचं दूध तोडायचं नाही, आणि श्वास जोरात चालला किंवा पोर सुस्त पडलं तर माता शांत व्हायची वाट न बघता दवाखान्यात आणायचं.

आता तारखा. सगळा माग एका तारखेवर उभा असतो, पुरळ ज्या दिवशी पहिल्यांदा दिसलं ती तारीख. ताप कधी आला, दवाखान्यात कधी आणला, आपल्याला कधी कळलं, या सगळ्या तारखा लिहा पण हिशोब पुरळाच्या तारखेवरून करा. त्या तारखेच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत पोर दुसऱ्याला गोवर देऊ शकतं. आणि त्याला स्वतःला कधी लागला असेल, तर पुरळाच्या ७ ते २१ दिवस आधी, बहुतेक वेळा १४ च्या आसपास. समजा पुरळ २० फेब्रुवारीला उठलं. मग ते १६ ते २४ फेब्रुवारी दुसऱ्यांना देत होतं, आणि त्याला लागला ३० जानेवारी ते १३ फेब्रुवारीच्या मधे, सगळ्यात जास्त शक्यता ६ फेब्रुवारीच्या आगंमागं. आणि त्याच्याकडून ज्यांना लागला त्यांचं पुरळ साधारण २ ते १० मार्चला दिसायला लागेल. म्हणजे एकाच तारखेवरून तुम्हाला मागं कुठं बघायचं आणि पुढं कधी परत यायचं दोन्ही कळतं. मला आजही हे गणित करताना बरं वाटतं, कारण नाहीतर साथीत माणूस नुसता धावत असतो.

पण पाड्यावरच्या माऊलीला ६ फेब्रुवारी म्हणजे काय ते कसं आठवणार, तुम्हाला तरी आठवतं का. तिला बाजार आठवतो. "पुळ्या मागला बजारले उठ्यात का त्येना आगला बजारले?" (पुरळ मागच्या बाजाराला उठलं का त्याच्या आधीच्या बाजाराला) असं अहिराणीत विचारा, वरच्या पाड्यांवर पावरी-भिलोरी बोली येणारं कोणीतरी बरोबर घ्या, आणि बाजाराचा वार धरून मग एक दिवस आधी, दोन दिवस नंतर असं तारखेपर्यंत या. लग्न, दहावं, कोणाची म्हैस व्याली, अंगणवाडीत खाऊ वाटला, असं काहीही खुंटीसारखं चालतं. मी वहीच्या पहिल्या पानावर मागच्या दोन महिन्यांचे बाजार, सण, लग्नतिथी तारखांसकट लिहूनच फिरतो.

यात मी एकदा मोठी चूक केली आहे ती सांगतो. माझ्या पहिल्या साथीत मी एका पाड्यावर मंगळवारी गेलो, १० च्या वर पोरं निघाली, आणि घाईघाईत सगळ्यांच्या पुढं तारीख टाकली मंगळवारची, म्हणजे मी बघितलं ती. वर कागद गेला तर ग्राफमध्ये एकाच दिवशी एक उंच खांब, जसं काही लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली. वरच्या साहेबांनी मला परत पाठवलं, चांगली दोन तासांची चढण, आणि परत विचारल्यावर कळलं की दोन पोरांना १२-१३ दिवस आधीच पुरळ येऊन गेलं होतं आणि बाकीचे सगळे त्यांच्यानंतरचे. त्या दोघांपर्यंत वेळेत पोचलो असतो तर त्यांच्या शेजारच्या घरातल्या तान्ह्या पोरांना तरी आधी गाठता आलं असतं. तेव्हापासून तारीख विचारल्याशिवाय मी पेन टेकवत नाही.

लाईन लिस्ट म्हणजे दुसरं काही नाही, एका पोराला एक ओळ. नाव, वय महिन्यांत, पाडा, पुरळाची तारीख, लस किती डोस आणि कार्डावर दिसली का आईनं सांगितली, मागच्या तीन आठवड्यांत कुठं गेलं होतं, घरात पाव्हणं कोण आलं, शाळा-अंगणवाडी कुठली, आत्ता तब्येत कशी. घरोघर जाऊन भरायची, एका जागी बसून पोलीस पाटलाला विचारून नाही. मेलेल्या पोराचं विचारणं सगळ्यात अवघड असतं, आधी बसा, पाणी घ्या, घाई करू नका, पण विचारा, कारण साथीतला पहिला पेशंट बऱ्याचदा तोच असतो ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही म्हणजे नाही. गावात त्या घराला नाव पडतं आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.

ही पद्धत कुठून आली त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून इथं थोडा थांबतो. १८४६ साली उत्तरेच्या समुद्रातल्या फॅरो बेटांवर गोवर शिरला, डेन्मार्कच्या सरकारनं पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर पाठवला. तेव्हा विषाणू म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं. बेटांवर ७,७८२ माणसं, त्यातली ६,००० च्या वर आजारी पडली. पानुम बोटीनं गावोगाव फिरला आणि आपण विचारतो तेच विचारत गेला, पुरळ कधी आलं आणि त्याच्या आधी कुठं गेला होतात. एका लहान गावातले १० जण ४ जूनला दुसऱ्या गावी व्हेल माशांच्या शिकारीला गेले होते, आणि १८ जूनला त्या दहाच्या दहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. बरोबर १४ दिवस. आपण आज जो १४ चा आकडा वापरतो तो असा पायी आणि बोटीनं फिरून मिळालेला आहे. अजून एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, की बेटांवर याआधी १७८१ ला गोवर आला होता, आणि तेव्हा ज्यांना झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही ६५ वर्षांनी परत झाला नाही. एकदा झाला की जन्माचं संरक्षण, हे त्यानं असं सिद्ध केलं. त्याची व्हेलची शिकार म्हणजे आपला बाजार, एवढाच फरक.

मग कुठं कुठं शोधायचं. गोवर हवेतून जातो, आजारी पोर खोलीतून निघून गेल्यावर पण दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना जवळ आल्यावर लागतो. एक पेशंट १२ ते १८ जणांना देऊ शकतो असं धरतात, अर्थात कोणालाच संरक्षण नसेल तर. म्हणून "याच्याशी कोण खेळलं" एवढं विचारून भागत नाही, "त्या वेळी त्या जागेत कोण कोण होतं" असं विचारावं लागतं. काळीपिवळी जीपमध्ये कोण बसलं होतं. भगताकडं रांगेत कोण होतं. आणि दवाखाना, हे विसरू नका, तापाचं पोर घेऊन माय बाकावर तासभर बसते आणि बाजूला दुसरी आपलं चार महिन्यांचं बाळ घेऊन बसलेली असते. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात असं झालेलं मी स्वतः लाईन लिस्टमधून काढलंय, पाच वेगवेगळ्या गावांची पोरं, एकमेकांशी काही नातं नाही, आणि सगळी एकाच दिवशी संध्याकाळी त्याच बाकावर. ताप-पुरळाच्या पोराला बाहेर झाडाखाली बसवा आणि आधी तपासा, एवढं जरी सगळ्या डॉक्टरांनी केलं तरी खूप आहे.

आपल्याकडचं खरं अवघड प्रकरण म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आगंमागं धडगाव, अक्कलकुव्याकडची घरंच्या घरं गुजरातेत सुरत, बारडोली, नवसारीकडं जातात, पोरं बरोबर, तळावर पाल ठोकून राहायचं, आणि तिथं दुसऱ्या जिल्ह्यांची पोरं पण. लशीची तारीख इथल्या सिस्टरच्या यादीत आणि पोर तिथल्या फडात. मग होळीला परत. नेमकं आपल्याकडं गोवराचा जोर पण जानेवारी ते एप्रिलच असतो, आणि होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार (सणाचा मोठा बाजार), काठी गावची होळी, सगळा सातपुडा एका जागी येतो. नंतर आखाजी (अक्षय्य तृतीया), माहेरवाशिणी पोरं घेऊन येतात, झोक्यापाशी सगळ्या गावची पोरं. मी हे सण बंद करा असं अजिबात म्हणत नाही, सणाच्या आधी लस पोचवा म्हणतो. आणि माग काढताना मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाला गाठा. त्याच्या वहीत कुठल्या पाड्यावरचा कुठला कोयता (म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) कुठल्या फडावर, कोणाला किती उचल (आगाऊ पैसे), सगळं लिहिलेलं असतं, तुमच्या-माझ्या कुठल्याही रजिस्टरपेक्षा पक्कं. त्याला धाक दाखवला तर वही लपवेल, पोरं आजारी आहेत म्हणून नीट सांगितलं तर स्वतः फोन लावून देतो, माझा अनुभव हाच आहे.

सगळ्या तारखा जमल्या की कागदावर चौकडीच्या वहीत ग्राफ काढा, एका पोराला एक चौकोन, खाली तारखा. गोवराचा ग्राफ ओळखू येतो, आधी एक-दोन चौकोन, मग १०-१४ दिवस शांत, मग मोठा घोळका, परत शांत, परत त्याच्यापेक्षा मोठा. त्या मधल्या शांत दिवसांत गावाला वाटतं साथ गेली आणि आपण पण ढिले पडतो, तेव्हाच खरं काम करायचं असतं. आणि लक्षात घ्या, सगळ्यात आधी आपल्याला कळलेला पेशंट आणि सगळ्यात आधी झालेला पेशंट हे बहुतेक वेगळे असतात. ग्राफमध्ये पहिल्यांदाच एकदम सात-आठ चौकोन दिसले तर समजा की त्याच्या दोन आठवडे आधीचा कोणीतरी राहिलाय, परत फिरा.

लॅबचं थोडक्यात. रक्तातून आयजीएम, म्हणजे नवीन लागण झाल्यावर अंगात तयार होणारी प्रतिपिंडं, तपासतात, पुरळानंतर पहिल्या तीन दिवसांत ते निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून लवकरचा निगेटिव्ह रिपोर्ट बघून सुटलो म्हणू नका. घशाचा स्वॅब मात्र जितका लवकर तितका चांगला. सगळ्यांचं रक्त घ्यायची गरज नसते, सुरुवातीच्या काहींचं पक्कं झालं की बाकीचे तारखांच्या नात्यानं जोडले जातात, म्हणूनच तुमची तारीख लॅबच्या रिपोर्टाइतकी महत्त्वाची. स्वॅबमधल्या विषाणूच्या जनुकाचा ४५० अक्षरांचा एक तुकडा वाचून संशोधक त्याचा जीनोटाइप, म्हणजे विषाणूची पोटजात, सांगतात. गोवराचे एकूण २४ जीनोटाइप नोंदवलेले आहेत पण आता जगात फिरताना दिसतात ते मुख्यतः बी३ आणि डी८, त्यामुळं दोन ठिकाणी डी८ निघाला म्हणजे साथ एकच असं होत नाही. मग विषाणूची सगळी जवळपास १६ हजार अक्षरं वाचून बघतात की दोन्हींत किती फरक आहे. पण मशीन एवढंच सांगतं की हे दोन विषाणू जवळचे आहेत, कोण कोणाला कुठं भेटलं ते मुकादमाची वही सांगते. लस नुकतीच घेतली असेल तर त्यानं पण हलकं पुरळ आणि आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून लशीची तारीख नक्की लिहा.

आता तो प्रश्न जो प्रत्येक साथीत चावडीवर विचारला जातो, लस घेतलेल्या पोरांना पण झाला, मग लस काय कामाची. याला चिडून उत्तर देऊ नका, वहीत दाखवा. समजा गावात १०० पोरं, ९० नी लस घेतली, १० नी नाही. घेतलेल्यांपैकी ९ आजारी, न घेतलेल्यांपैकी पण ९ आजारी. नुसते आजारी मोजले तर निम्मे लसवाले. पण ९० तले ९ म्हणजे दहात एक, आणि १० तले ९ म्हणजे दहात नऊ. मी हे शेंगदाणे मांडून दाखवतो, लगेच पटतं. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात तेव्हा साधारण १०० त ८५ पोरांना संरक्षण येतं, म्हणूनच १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस आहे, आणि दोन्ही मिळून ९५ च्या वर जातं. हेच उलटं बघा. दर वर्षी १०० पोरं जन्मली, ९० ना एकच डोस मिळाला, तर ७६-७७ सुरक्षित आणि २३ उघडी. चार वर्षांत ९० च्या वर उघडी पोरं जमतात. टक्केवारीच्या तक्त्यावर सगळं छान दिसतं आणि साथ येते ती अशी. गोवर थांबवायला १०० त ९५ जण सुरक्षित लागतात, त्याच्याखाली जी वस्ती गेली ती तो बरोबर शोधतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि आपल्या शेजारी मालेगावला तेच दिसलं, कोविडच्या काळात सुटलेले डोस आणि दाट वस्ती. तेव्हा ज्या भागात साथ होती तिथं ९ महिने ते ५ वर्षांच्या पोरांना एक जादा डोस द्यायचं ठरलं, आणि जिथं ९ महिन्यांच्या आतलीच पोरं जास्त आजारी पडत होती तिथं ६ महिन्यांपासून.

माग काढताना पोरं बाजूला राहता कामा नयेत. प्रत्येक पेशंटला वयाप्रमाणं व्हिटॅमिन ए, आज एक आणि उद्या एक, ६ महिन्यांच्या आत ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने एक लाख, वर्षाच्या पुढं दोन लाख, सिस्टर किंवा डॉक्टरांच्या हातून. यानं डोळे वाचतात आणि जीव पण. मारतो तो गोवरानंतरचा न्यूमोनिया आणि जुलाब, त्यातल्या त्यात कुपोषित पोरात, म्हणून पुरळ गेलं तरी त्या घरी दोन-तीनदा जाऊन या. गोवर अंगाची आधीची कमावलेली प्रतिकारशक्ती पण बऱ्यापैकी पुसून टाकतो हे आता संशोधनातून दिसलंय, आणि आपल्या म्हाताऱ्या बाया म्हणतातच ना, माता येऊन गेली की पोर वर्षभर किरकिरं राहतं. संपर्कात आलेल्या पोराला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो, म्हणून यादी पूर्ण व्हायची वाट बघू नका, यादी करत करत लस.

आणि संपलं कधी म्हणायचं. शेवटच्या पेशंटच्या पुरळानंतर ४२ दिवस एक पण नवीन नाही, म्हणजे २१ चे दोन फेरे, म्हणजे सहा बाजार. मी वहीत सहा चौकोन काढतो आणि प्रत्येक बाजाराला वेशीपाशी उभं राहून आयाबायांना विचारतो, "घरमा पाव्हना कोनी उना व्हता का?" (घरी पाव्हणा कोणी आला होता का). मागच्या एका साथीत पाच चौकोन भरले होते, आणि सहाव्या बाजाराच्या आदल्या दिवशी मुकादमाचा फोन आला की बारडोलीकडून शेवटचे चार कोयते निघालेत, पहाटे पोचतील, सात पोरं आहेत. सिस्टर आणि मी व्हॅक्सिन कॅरियर (लशीचा थंड डबा) घेऊन पाच वाजताच फाट्यावर जाऊन बसलो.